वीज मोजणारे स्मार्ट प्लग लावताय? आधी हबला विचारा!



घरच्या ऑटोमेशनची कामं जे घेतात, किंवा या धंद्यात उतरायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. सेटिंग कुठे जाऊन बदलायचं ते व्हिडिओत दाखवलंय. पण त्यामागचा हिशोब पडद्यावर नीट मांडता येत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन जवळ ठेवा, थोडे गुणाकार करायचे आहेत.

साधारण चित्र असं असतं. तुम्ही एका टू-बीएचकेचं काम घेतलं. दिवे, पंखे, गिझर सगळं हबवर आणलं. काम झकास झालं, पैसे वेळेवर मिळाले, ग्राहकाने मेव्हण्याला तुमचा नंबरही दिला. महिनाभराने तो म्हणतो, "विजेचं बिल फार येतंय हो. कोण किती खातंय ते कळलं तर बरं होईल." तुम्ही वीज मोजणारे दहा-बारा स्मार्ट प्लग आणून लावता. मोबाइलवर वॉटचे आकडे नाचायला लागतात. ग्राहक खूश, तुम्हीही खूश.

आणि मग पंधरा दिवसांत फोन येतो. "अहो, बाथरूमचा दिवा बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी लागतो. आई अंधारात उभी राहते." कधी दिवा लागतच नाही. कधी ठरलेल्या वेळी बंद व्हायचा गिझर चालूच राहतो. तुम्ही जाता, स्विचचं मॉड्यूल बदलता, हब बंद करून चालू करता. दोन दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. पेट्रोल तुमचं, वेळ तुमचा, आणि मेव्हण्याचं काम गेलं ते वेगळंच. वयस्कर माणूस अंधारात चाचपडत असेल तर तुमच्या ॲपमधले सुंदर आलेख कोण बघणार?

यात बऱ्याचदा दिव्याचा दोष नसतो आणि स्विचचाही नसतो. प्लग जास्त बोलतायत आणि हबला दिव्याचा निरोप ऐकायला फुरसत मिळत नाहीये.

आधी वायरचा ओव्हरलोड, मग हबचा

ओव्हरलोड म्हटलं की आपल्या डोक्यात तापलेली वायर आणि जळका वास येतो. तो विषय आधी संपवू, कारण तो जीवावरचा आहे. 230 व्होल्टवर 6 अँपिअरचा प्लग 1380 वॉटपर्यंतच चालतो, 10 अँपिअरचा 2300 वॉटपर्यंत आणि 16 अँपिअरचा 3680 वॉटपर्यंत. 2000 वॉटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर ओढतो. म्हणजे तो 6 वर लावायचा प्रश्नच नाही, आणि 10 वरही तो रोज काठावरच चालणार. गिझर, ओव्हन, इस्त्री, एसी यांना 16 अँपिअरचाच चांगला प्लग द्या, तोही घट्ट बसणाऱ्या सॉकेटमध्ये. सॉकेट सैल असेल तर प्लग कितीही महाग आणा, सांधा तापणारच. पाण्याच्या मोटरचं आणखी वेगळं आहे, त्यावर पुढे बोलू.

आता दुसरा ओव्हरलोड. यात काही जळत नाही, वास येत नाही, एमसीबी पडत नाही. म्हणूनच तो सापडायला वेळ लागतो.

प्लग नेमकं काय बोलतो?

साधा स्मार्ट प्लग दोनच गोष्टी सांगतो: चालू झालो, बंद झालो. दिवसातून चार-सहा निरोप, बस्स. वीज मोजणारा प्लग मात्र चार आकडे सांगतो. आत्ता किती वॉट चाललेत, व्होल्टेज किती आहे, करंट किती अँपिअर आहे आणि आजवर एकूण किती युनिट झाले. काही प्लग वर पॉवर फॅक्टरही सांगतात.

समजा तुम्ही दुकानावर पोरगा ठेवलाय. तो दर गिऱ्हाइकामागे तुम्हाला फोन करतो: "दादा, पाच रुपयांची गोळी गेली." "दादा, गल्ल्यात आता बाराशे पाच." "दादा, गिऱ्हाईक गेलं." पोरगा प्रामाणिक आहे, पण असे बारा पोरगे असतील तर बँकेतून आलेला फोन तुम्ही उचलणार कधी? वीज मोजणारे प्लग कंपनीतून येतात तेच असे. बऱ्याच मॉडेलचं मूळ सेटिंग ॲपमध्ये आकडे सतत हलताना छान दिसावेत असं ठेवलेलं असतं.

चला, गुणाकार करू. बारा प्लग, प्रत्येकाचे चार आकडे, म्हणजे एका फेरीत 48 नोंदी. दर पाच सेकंदांनी फेरी झाली तर मिनिटाला 576. तासाला 34,560. दिवसाला 8,29,440. सव्वाआठ लाख! ग्राहक त्यातले किती आकडे बघतो? रात्री जेवण झाल्यावर एकदा ॲप उघडतो, तेवढंच.

झिगबीमध्ये एकाच निरोपात दोन-तीन आकडे एकत्र येऊ शकतात, आणि आकडा बदलला नाही तर काही हब तो लिहून ठेवत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा कमी निघेल. पण निम्मा धरला तरी चार लाख होतातच की.

हा भार पडतो कुठे?

तीन ठिकाणी पडतो, आणि तिन्ही वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत, नाहीतर चुकीच्या जागी उपाय करत बसाल.

पहिली जागा म्हणजे हवा. झिगबीचा वेग कागदावर सेकंदाला 250 किलोबिट आणि नेहमीच्या झेड-वेव्हचा जास्तीत जास्त 100 किलोबिट. वायफायच्या तुलनेत ही अगदी पायवाट आहे. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात लांबच्या खोलीतला प्लग हबपर्यंत थेट पोचत नाही, त्याचा निरोप मधला प्लग पुढे ढकलतो. म्हणजे एकच निरोप हवेत दोनदा-तीनदा बोलला जातो, शिवाय प्रत्येक वेळी "मिळाला" अशी पोच द्यावी लागते. झेड-वेव्ह वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. प्लग जोडताना सुरक्षेचा प्रकार विचारला तर जुना एस-झीरो निवडू नका. त्यात एक निरोप पाठवायला तीन निरोपांची देवाणघेवाण होते, म्हणजे बडबड थेट तिप्पट. प्लगला एस-टू चालत असेल तर ते घ्या.

दुसरी जागा म्हणजे हबचा मेंदू. प्रत्येक निरोप आला की हब बघतो, यावर एखादा नियम लावलाय का? "वॉट बदलले की हे तपास" असा नियम तुम्ही केला असेल तर तो दिवसातून हजारो वेळा धावतो. हब लहान असेल तर इथेच त्याची दमछाक होते.

तिसरी जागा म्हणजे वही. होम असिस्टंट रास्पबेरी पायवर टाकून देणारे आपल्यात बरेच जण आहेत, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. तो प्रत्येक बदललेला आकडा डेटाबेसमध्ये लिहितो आणि मुळात दहा दिवस जपून ठेवतो. वरच्या हिशोबाने दहा दिवसांचे झाले सुमारे 83 लाख. हे सगळं मायक्रो एसडी कार्डवर लिहिलं जात असेल तर कार्ड झिजतं. मग एके दिवशी हब उठतच नाही आणि तुम्ही "हार्डवेअर खराब निघालं" असं म्हणत नवीन कार्ड घेऊन जाता. कामात चार पैसे असतील तर सुरुवातीलाच एसएसडी लावा. पण त्याने वहीपुरता प्रश्न सुटतो, हवेतली गर्दी तशीच राहते.

वायफायचे प्लग घेतले तर? झिगबीची पायवाट मोकळी राहते हे खरं. पण गर्दी राउटरकडे सरकते, आणि हबचा मेंदू व वही यांच्यावरचा भार तेवढाच राहतो. टास्मोटा टाकलेल्या प्लगमध्ये ही सोय मात्र चांगली आहे. तो मुळातच दर 300 सेकंदांनी एकदा सगळी माहिती पाठवतो आणि मधल्या बदलांसाठी वेगळी मर्यादा घालता येते. तो 300 चा आकडा 10 करण्याचा मोह होतो. नका करू.

आकडा हवाय, पण कशासाठी?

मित्रांनो, सेटिंगला हात लावण्याआधी ग्राहकासमोर बसून प्रत्येक प्लगसाठी एकच प्रश्न विचारा: "हा आकडा बघून तुम्ही काय करणार?" उत्तर आलं नाही तर तो आकडा बंद करा. मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं सगळ्यात कामाचं हत्यार हेच आहे. बाकीचं सॉफ्टवेअर आहे, ते महिनाभरात कोणीही शिकतं.

बहुतेक घरांत उत्तरं तीनच प्रकारची निघतात. "बिल कुठे जातंय ते कळावं." "काम संपलं की कळावं", जसं वॉशिंग मशीन. आणि "काही बिघडलं तर लगेच कळावं", जसं फ्रीज किंवा मोटर. या तिन्हींची गरज अगदी वेगळी आहे.

बिलासाठी वॉटचा आकडा लागतच नाही! इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. बिल युनिटवर येतं, आणि युनिटचा आकडा प्लगच्या आतच साठत जातो, आपल्या घरच्या मीटरसारखा. मीटर रीडिंग घेणारा महिन्यातून एकदा येतो, तरी एकही युनिट चुकत नाही. तसंच प्लगने दर पाच मिनिटांनी एकदा युनिट सांगितले तरी हिशोब पूर्ण येतो. मधला एखादा निरोप हरवला तरी पुढच्यात सगळं जमा होऊन येतं. होम असिस्टंटचा वीज-खर्चाचा पानभर आलेखही तासातासाचेच खांब दाखवतो. मग पाच सेकंदांची घाई कोणासाठी?

एक खात्री मात्र करून घ्या. काही स्वस्त प्लग वीज गेली की युनिटचा आकडा शून्यावर आणतात. एक प्लग विकत घ्या, त्यावर इस्त्री चालवा, आकडा लिहून घ्या, प्लग उपटून परत लावा. आकडा टिकला तरच बाकीच्यांची ऑर्डर द्या.

तीन कळी

झिगबीच्या प्लगमध्ये प्रत्येक आकड्यासाठी तीन गोष्टी ठरवता येतात. किमान अंतर, म्हणजे दोन निरोपांमध्ये निदान इतके सेकंद गेलेच पाहिजेत. कमाल अंतर, म्हणजे काही बदललं नाही तरी इतक्या सेकंदांनी एकदा हजेरी लाव. आणि किमान बदल, म्हणजे आकडा इतक्याने हलला तरच बोल. झेड-वेव्हच्या प्लगमध्ये हेच पॅरामीटर नंबर देऊन ठरवतात. कोणता नंबर कशाचा, ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतं.

आता यातली मेख समजून घ्या. फ्रीज, टीव्ही, गिझर अशा एका जागी स्थिर राहणाऱ्या भारावर किमान बदलाची कळ काम करते. साध्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असला तर शंभर-दीडशे वॉट, बंद असला तर जवळजवळ शून्य. किमान बदल 30 वॉट ठेवा. चालू-बंद दोन्ही कळेल, आणि मधली दोन-चार वॉटची थरथर गप्प बसेल. वॉशिंग मशीनचं तसं नाही. तिची मोटर इकडे फिरते, थांबते, तिकडे फिरते. वॉट शून्यावरून तीन-चारशेवर आणि परत. तिथे 30 ठेवा नाहीतर 100 ठेवा, बडबड चालूच राहणार. तिथे किमान अंतराची कळ लागते. 60 सेकंद ठेवा. मिनिटाला एकापेक्षा जास्त वेळा तिला तोंड उघडता येणार नाही.

पण त्याच मशीनवर दुसरी गंमत होते. कपडे झाल्यावर वॉट 25 वरून 3 वर आले आणि तुमचा किमान बदल 30 असेल, तर प्लगच्या मते काही घडलंच नाही. हबला वाटतं मशीन अजून 25 वर आहे. "कपडे झाले" हा निरोप कमाल अंतर संपेपर्यंत येणार नाही. म्हणून मशीनसाठी किमान बदल 10 च्या आसपास आणि कमाल अंतर 300 सेकंद ठेवा, आणि नियम करा: वॉट 5 च्या खाली सलग पाच मिनिटं राहिले तर कपडे झाले. ती पाच मिनिटं महत्त्वाची, कारण कपडे भिजत ठेवतानाही मशीन मध्येच शांत होतं.

आणखी एक खड्डा. किमान बदल टाकताना तो आकडा वॉटमध्येच आहे असं धरून चालू नका. बरेच प्लग आतून वॉटचे दहावे भाग मोजतात आणि हब ते दहाने भागून दाखवतो. अशा प्लगमध्ये 10 टाकलं तर अर्थ होतो 1 वॉट! तुम्ही म्हणता सेटिंग केलं, आणि प्लग पूर्वीइतकाच बोलतोय. 100 टाकायला हवं होतं. सेटिंग केल्यावर पाच मिनिटं निरोप मोजा, मगच उठा.

व्होल्टेजबद्दल तर माझं स्पष्ट मत आहे: बारा प्लगचं व्होल्टेज मागवणं म्हणजे एकाच घड्याळात बारा जणांनी वेळ बघून तुम्हाला सांगणं. एका फेजवरच्या सगळ्या प्लगवर व्होल्टेज जवळपास सारखंच असतं. आणि आपल्याकडे ते दिवसभर हलत असतं, 231.4, 231.9, 230.8, म्हणजे प्रत्येक हालचालीला बारा निरोप. प्रत्येक फेजवर एक प्लग निवडा, त्याचं व्होल्टेज तीन-चार व्होल्टच्या बदलावर ठेवा, बाकी सगळ्यांचं बंद. झिगबीमध्ये कमाल अंतर 65535 टाकलं की त्या आकड्याचा रिपोर्ट थांबतो. करंटचंही तेच. वॉट आणि व्होल्टेज कळत असताना घरच्या वापराला अँपिअर वेगळे मागवायची गरज क्वचितच पडते.

मोटर, फ्रीझर आणि ओव्हन

इथे थोडा थांबतो, कारण तुमच्यातले काही जण इन्स्टॉलेशनवाले नाहीत. घरून केक, मसाले, आइस्क्रीमचा धंदा करणारेही वाचतायत, आणि त्यांच्यासाठी हा भाग थेट पैशाचा आहे.

ओव्हन घ्या. एका घाण्याला वीज किती लागली हे कळल्याशिवाय केकची किंमत ठरवता येत नाही. त्यासाठी वॉटचा आलेख बघू नका. ओव्हनचा थर्मोस्टॅट सारखा चालू-बंद होतो, वॉट शून्य आणि दोन हजार यांच्यात उड्या मारतात, त्यातून डोळ्यांनी काही निघत नाही. घाणा लावण्याआधी युनिटचा आकडा लिहा, काढल्यावर लिहा. समजा फरक 1.2 युनिट आला आणि तुमच्या बिलावर सगळे आकार धरून युनिटला 10 रुपये पडतात, तर त्या घाण्याची वीज 12 रुपये. सहा केक निघाले तर केकमागे 2 रुपये. ओव्हनच्या प्लगचं वॉट पूर्ण बंद ठेवलं तरी हे जमतं. फक्त युनिट, 0.05 च्या बदलावर.

डीप फ्रीझरचं मात्र उलट. तिथे प्रश्न बिलाचा नाही, आत ठेवलेल्या मालाचा आहे. वॉट हवेत, पण दर पाच सेकंदांनी नकोत. कॉम्प्रेसर तास-दीड तास अजिबात चालू झाला नाही, तर मोबाइलवर सूचना. त्यासाठी दहा मिनिटांची हजेरी पुरते. खरं तर फ्रीझरमध्ये तापमानाचा सेन्सर जास्त भरवशाचा. कॉम्प्रेसर चालतोय पण गॅस गेलाय, तर वॉट बघून कळणार नाही, तापमान बघून कळेल. आणि फ्रीझरच्या प्लगचं चालू-बंद बटण ॲपमधून काढून टाका. नातवाने खेळता खेळता बंद केलं तर अख्खा माल जातो. शिवाय घरातली लाइनच गेली तर हब, राउटर आणि प्लग एकदमच झोपतात, सूचना पाठवणार कोण? हब आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

पाण्याच्या मोटरला मात्र चटकन निरोप लागतात. टाकीत पाणी नसताना मोटर कोरडी फिरली तर वॉट खाली येतात, आणि ते पाच मिनिटांनी कळून उपयोग नाही. तिथे दहा सेकंदांचं किमान अंतर ठेवायला हरकत नाही, कारण मोटर दिवसातून अर्धा-पाऊण तासच चालते. फक्त मोटर थेट प्लगवर लावू नका. एक एचपीची मोटर चालताना साधारण एक हजार वॉट घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि प्लगमधल्या बारक्या रिलेचे काँटॅक्ट चिकटतात. मग "बंद" म्हटलं तरी मोटर बंद होत नाही. काँटॅक्टर लावा, आणि ते काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या.

आता परत हिशोब करू. बाराही प्लगचे युनिट दर पाच मिनिटांनी, म्हणजे 12 गुणिले 288, झाले 3,456. वॉट फक्त चार प्लगचे, प्रत्येकी दिवसाला 400 धरले तर 1,600. व्होल्टेज एका प्लगचं, 300 धरा. एकूण 5,356. सव्वाआठ लाखांच्या जागी साडेपाच हजारांच्या आत, साधारण दीडशेपट कमी. आणि ग्राहकाला जे हवं होतं त्यातलं काहीही कमी झालं नाही.

प्लग ऐकतच नसेल तर

काही स्वस्त मॉडेलमध्ये रिपोर्टचं सेटिंग बदलताच येत नाही. काही तर स्वतःहून सांगतच नाहीत, हबला विचारावं लागतं. झिगबी टू एमक्यूटीटी अशा प्लगला मुळात दर 60 सेकंदांनी विचारतं. तो आकडा वाढवता येतो, किंवा विचारणं बंदही करता येतं. जो स्वतःहून सतत बोलतो आणि गप्प बसत नाही, त्याच्यासाठी त्याच ठिकाणी थ्रॉटल नावाची सोय आहे, जास्तीचे निरोप दारातच सोडून देण्याची. पण नीट लक्षात घ्या, याने हबचा मेंदू आणि वही वाचतात. हवेतला गोंधळ तसाच राहतो, कारण निरोप तर येऊन पोचलेला असतो. असे एक-दोन प्लग चालतील, दहा चालणार नाहीत.

होम असिस्टंटमध्ये नको असलेला आकडा नुसता लपवू नका. लपवलेला आकडा डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. तो येतही राहतो आणि लिहिलाही जातो. तो डिसेबल करा. बघायला हवा पण साठवायला नको असेल, तर रेकॉर्डरमधून वगळा.

आणि खरंच प्लगच दोषी आहेत का, हे आधी तपासा. डेव्हलपर टूल्समध्ये स्टेट_चेंज्ड हा इव्हेंट एक मिनिट ऐका आणि कोणाचं नाव सारखं येतंय ते बघा. दोन-तीन नावं लगेच डोळ्यात भरतील. त्यांना तासभर सॉकेटमधून काढून ठेवा. दिवे झटपट लागायला लागले तर चोर सापडला. नाही लागले तर झिगबीचा डोंगल थेट रास्पबेरी पायच्या यूएसबी 3 पोर्टमध्ये खोचलाय का बघा. त्या पोर्टचा त्रास झिगबीला होतो. मीटरभराच्या एक्स्टेन्शन वायरवर डोंगल लांब घ्या. अर्ध्या तक्रारी प्लगच्या नावावर खपतात आणि निघतात या वायरच्या.

लाइन जाऊन आली की एक वेगळा प्रकार होतो. सगळे प्लग एकदम जागे होतात, सगळे एकदम आपली माहिती पाठवतात, आणि हब तर अजून डोळे चोळत असतो. त्या दोन-तीन मिनिटांत दिवे अडखळले तर घाबरून सेटिंग बदलत बसू नका. हब इन्व्हर्टरवर असेल तर हे बरंच कमी होतं. लाइन आल्यावर कोणता प्लग चालू व्हायचा आणि कोणता बंद राहायचा, हे प्रत्येकासाठी आधीच ठरवून ठेवा. गिझर बंद, फ्रीज चालू.

कोटेशनमध्ये काय लिहाल?

परदेशातून सामान मागवणाऱ्यांना एक इशारा. भारतात झेड-वेव्ह 865.2 मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपात 868.4 वर आणि अमेरिकेत 908.4 वर. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला प्लग इथल्या हबशी बोलणारच नाही, वर तो 120 व्होल्टच्या घरांसाठी बनवलेला असतो. तो कपाटात ठेवा.

कोटेशनमध्ये "स्मार्ट प्लग 12 नग" एवढंच लिहू नका. प्रत्येक प्लगसमोर उपकरण, अँपिअर, कोणता आकडा चालू आणि कशासाठी, हे लिहा. बारापैकी सात ठिकाणी "कशासाठी"चा रकाना रिकामा राहिला, तर ग्राहकाला साधे प्लग सुचवा. बिल तुमचं थोडं कमी होईल, पण पुढचे फेरे वाचतील. चालू केलेली सेटिंग एका कागदावर लिहून एक प्रत ग्राहकाच्या मीटर-बॉक्सच्या दारात चिकटवा आणि एक तुमच्या फाइलला लावा. हब बदलला, किंवा प्लग काढून पुन्हा जोडला की बरीच सेटिंग मूळ पदावर जातात, तेव्हा हाच कागद कामाला येतो. वार्षिक देखभालीचा करार करत असाल तर त्यात "दर तीन महिन्यांनी निरोपांची मोजणी" ही ओळ घाला. वीस मिनिटांचं काम आहे, बऱ्याच हबवर घरबसल्याही करता येतं, आणि त्याचे पैसे मागायला लाजायचं कारण नाही.

प्लगचे आकडे दाखवून भाडेकरूला विजेचं बिल लावायचंय, असंही काही ग्राहक सांगतात. त्या कामाला नकार द्या. प्लगमधलं मोजमाप अंदाजासाठी ठीक आहे, पैशाच्या वादात ते टिकत नाही. त्यासाठी वेगळा सब-मीटर बसवायला सांगा.